चौथ्या नंबरचं गप्प जीन

वाचक विचारतात

या वेळी टपालात आणि व्हॉट्सॲपवर मिळून जे प्रश्न आले त्यातले चार निवडलेत. चारही जण आपल्याच भागातले, धडगावपासून रावेरपर्यंतचे, आणि चौघांनीही कुठून ना कुठून 'मेलेलं जीन' हा शब्द ऐकलाय. पहिल्या प्रश्नाला जागा जास्त दिलीय, कारण तो एका सात वर्षांच्या पोरीचा आहे.

प्रश्न : ताई, मी धडगाव तालुक्यात आश्रमशाळेत शिकवतो. माझ्या बहिणीच्या मुलीला सिकलसेल आहे, एसएस पॅटर्न (म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलचं जीन आलेलं), वय सात. तिला हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे. मध्यंतरी मोबाईलवर एक व्हिडिओ फिरत होता, की माणसाच्या शरीरात एक मेलेलं जीन सापडलंय आणि ते काढून टाकलं की सिकलसेल कायमचा बरा होतो. तेव्हापासून बहीण रोज विचारते, दादा ते औषध कधी येणार, तोवर या गोळ्या कशाला द्यायच्या. मी तिला काय सांगू? – एक मामा, धडगाव

उत्तर : भाऊ, आधी आज संध्याकाळीच बहिणीला फोन करा आणि सांगा की गोळी थांबवायची नाही, एक दिवससुद्धा नाही. बाकीचं सगळं खाली सांगते, पण हे पहिलं.

आता व्हिडिओचं. ते जीन खरंच आहे, त्याच्यावर खरंच संशोधन झालंय, फक्त 'काढलं की बरा होतो' हे वाक्य कुणीतरी मधली दहा-वीस वर्षांची वाट गाळून टाकून बोललंय. ती वाट नीट समजून घेऊ, म्हणजे बहिणीलाही सांगता येईल.

सिकल म्हणजे विळा, हे तुम्हाला माहीतच आहे. रक्तातल्या लाल पेशीत हिमोग्लोबिन असतं, त्याचा एक भाग बीटा ग्लोबिन, आणि त्याचं जीन आपल्या ११ नंबरच्या क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रावर, बसलेलं असतं. सिकलसेलमध्ये त्या जीनमधलं एकच अक्षर बदललेलं असतं, ए च्या जागी टी, बास, तेवढ्यानं हिमोग्लोबिनचे कण ऑक्सिजन सोडला की एकमेकांना चिकटतात, त्यांचे लांब दोरे होतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिनीत अडकतात आणि मग ते दुखणं सुरू होतं जे तुम्ही भाचीच्या हातापायात बघितलं असेल. ज्यानं ते पोराच्या चेहऱ्यावर एकदा बघितलंय त्याला मी अजून काय सांगणार.

पण एक गोष्ट आठवून बघा. ही पोरगी जन्मल्यावर पहिले काही महिने ठणठणीत होती ना? बहुतेक आया हेच सांगतात, की ताई, लहान होती तोवर काहीच नव्हतं, वर्षाच्या आत हातपाय सुजायला लागले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये जॅनेट वॉटसन नावाच्या लहान मुलांच्या डॉक्टर होत्या, त्यांनी १९४८ मध्ये हेच हेरलं. नवजात बाळाच्या पेशी सहजासहजी वाकत नाहीत, कारण बाळाच्या रक्तात अजून पोटातलं हिमोग्लोबिन असतं. त्याला एचबीएफ म्हणतात. आईच्या पोटात असताना बाळ हे वेगळं हिमोग्लोबिन वापरतं, जन्मानंतर साधारण सहा महिन्यांत ते बंद होत जातं आणि मोठ्यांचं चालू होतं. एचबीएफ त्या चिकट दोऱ्यात सामील होत नाही, उलट दोरा वाढू देत नाही. म्हणजे प्रत्येक सिकलसेलच्या रुग्णाकडे स्वतःच्या आजारावरचा उतारा जन्मतःच असतो, फक्त शरीर तो बंद करून ठेवतं. गेली कित्येक वर्षं सिकलसेलच्या औषधांमागची मोठी धडपड हीच आहे, की ते बंद झालेलं परत कसं चालू करायचं.

आता तुमचं 'मेलेलं जीन'. ११ नंबरच्या क्रोमोसोमवर या हिमोग्लोबिनच्या कुटुंबातली सहा जीन्स ओळीनं बसलेली आहेत. पहिलं अगदी सुरवातीच्या गर्भाचं, मग दोन बाळाची, मग चौथं, आणि शेवटची दोन मोठ्यांची. यातलं चौथं काहीच बनवत नाही. त्याचं नाव एचबीबीपी-वन. कधीकाळी शेजारच्या जीनची नक्कल होऊन ते तयार झालं, पुढे त्यात इतक्या मोडतोडी झाल्या की त्यातून प्रोटीन निघणं बंद पडलं. अशा जीनला स्युडोजीन म्हणतात, आपल्याकडे पुस्तकात छद्मजनुक लिहितात. आम्ही शिकत होतो तेव्हा हे सगळं जंक डीएनएमध्ये जमा होतं, सरांनी फळ्यावर सहा चौकोन काढले आणि चौथ्यावर सरळ काट मारली, आम्हीपण वहीत काट मारली. आज मला त्या काटेचं वाईट वाटतं, कारण बघा ते बसलंय कुठं, बरोब्बर बाळाच्या आणि मोठ्यांच्या जीन्सच्या मध्ये.

हे समजायला आपल्या पांझरेवरची फड पद्धत आठवा. साक्रीकडे ज्यांची शेती आहे त्यांना सांगायला नको. बंधाऱ्यावरून पाट निघतो, खाली फड, म्हणजे शेतांचे गट, असतात, आणि पाटकरी ठरवतो की आज पाणी कुठल्या फडात सोडायचं. जीन्सचंही असंच असतं. ओळीच्या वरच्या टोकाला एक भाग आहे, त्याचा जोर ज्या जीनला मिळतो ते जीन जोरात चालतं. डीएनए हा दोऱ्यासारखा असल्यामुळे तो वळतो, दुमडतो, आणि त्या दुमडण्यावरून ठरतं की जोर बाळाच्या जीन्सपर्यंत पोचणार की मोठ्यांच्या. मधली जी पडीक पट्टी आहे, जिथं काही पिकत नाही, म्हणजे आपलं चौथं जीन, तिथूनच पाणी अडवलं आणि वळवलं जातं.

हे पक्कं दाखवलं फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमधल्या गर्ड ब्लोबेल यांच्या टीमनं, २०१७ मध्ये. त्यांनी बाळाच्या आणि मोठ्या माणसाच्या रक्तपेशी होणाऱ्या पेशी घेतल्या आणि दोन्हींत डीएनए कसा दुमडलाय ते ताडून बघितलं. मोठ्यांच्या पेशीत हा मधला भाग पहिल्या जीनकडे वळलेला दिसला आणि त्यामुळे बाळाची दोन्ही जीन्स त्या जोरापासून तुटलेली होती. मग त्यांनी मोठ्यांच्या पेशीतून हा स्युडोजीनचा तुकडाच कापून काढला, आणि दुमडण बाळासारखी झाली आणि बाळाची जीन्स जोरात चालू झाली. परिणाम जवळजवळ तसाच, जसा बीसीएल-इलेव्हन-ए नावाचं प्रोटीन काढून टाकल्यावर होतो. हे बीसीएल-इलेव्हन-ए म्हणजे बाळाचं हिमोग्लोबिन बंद करणारा मुख्य पाटकरी. त्या टीमनं स्वतःच लिहिलं की सिकलसेल आणि थॅलेसेमियासाठी ही जागा उपचाराचं लक्ष्य होऊ शकते. होऊ शकते, एवढंच. तुमच्या व्हिडिओवाल्यानं हेच उचललं असणार.

आता व्हिडिओत जे नव्हतं ते. २०२१ मध्ये बीजिंगच्या संशोधकांनी याच एचबीबीपी-वनवर दुसऱ्या बाजूनं काम केलं. त्यांना दिसलं की या जीनमधून प्रोटीन निघत नसलं तरी आरएनए, म्हणजे जीनची उतरवलेली प्रत, निघतो, आणि तो आरएनए रिकामा बसत नाही. लाल पेशी तयार व्हायला टीएएल-वन नावाचं जीन फार लागतं, त्याच्या आरएनएची नासधूस करणारं एक प्रोटीन असतं, आणि आपल्या स्युडोजीनचा आरएनए त्या प्रोटीनला स्वतःकडे अडकवून ठेवतो. हा आरएनए कमी केला तर लाल पेशी नीट तयारच होत नाहीत. बघा म्हणजे, एकीकडे जागा काढली तर बाळाचं हिमोग्लोबिन वाढतं, दुसरीकडे त्यातून निघणारा आरएनए काढला तर रक्तच कमी बनतं. अशा जागेवर कात्री चालवायची तर किती जपून चालवायला लागेल, नेमकी किती अक्षरं कापायची, आरएनए वाचवून फक्त दुमडण बदलता येईल का, हे प्रश्न आहेत, आणि ते लॅबमधल्या पेशींवरच सुटायचेत. स्युडोजीन कापून सिकलसेलच्या रुग्णाला दिलाय असा उपचार आज बाजारात नाही. मला या जागेबद्दल खरंच आशा आहे, पण ती आशा तुमच्या भाचीच्या आजच्या गोळीच्या बदल्यात नको.

पाटकऱ्याला धरून मात्र उपचार आलाय. कॅसजेवी त्याचं नाव, ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि अमेरिकेनं त्याच डिसेंबरमध्ये मान्यता दिली. रुग्णाच्याच रक्तमूळपेशी बाहेर काढतात, क्रिस्परनं, म्हणजे डीएनए कापायच्या कात्रीनं, बीसीएल-इलेव्हन-एचा रक्तपेशीतला स्विच तोडतात, रुग्णाला केमो देऊन अस्थिमज्जा रिकामी करतात आणि त्या पेशी परत सोडतात. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे १८ कोटींच्या पुढे. आणि केमो म्हटल्यावर हॉस्पिटलात राहणं, इन्फेक्शनची भीती, पुढे मूल होण्यात अडचणी, हे सगळं आलंच. आपल्या दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेतही सिकलसेलसाठी क्रिस्परचं काम चालू आहे आणि ते परवडणारं व्हावं हाच त्यांचा हेतू आहे, माझं तिकडे बारीक लक्ष असतं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जे बहिणीला सांगायचंय. हायड्रॉक्सीयुरिया काय करते? एचबीएफच वाढवते. ज्या गोष्टीच्या मागे फिलाडेल्फिया आणि दिल्लीचे लोक लागलेत, तीच गोष्ट थोड्या प्रमाणात ती गोळी रोज करतेय. १९९५ च्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत मोठ्या रुग्णांमधले दुखण्याचे झटके या औषधानं जवळजवळ निम्म्यावर आले. परिणाम दिसायला काही महिने लागतात, म्हणून आया वैतागून बंद करतात, ते करायचं नाही. ठरलेल्या वेळी रक्त तपासून घ्यायचं, कारण पांढऱ्या पेशी फार कमी झाल्या तर डोस कमी करावा लागतो, आणि तो डॉक्टरनीच ठरवायचा. तुम्ही कदाचित ऐकलं असेल की भारतातल्या सिकलसेलमध्ये एचबीएफ मुळातच जास्त असतं म्हणून आजार हलका असतो. बऱ्याच जणांत ते जास्त सापडतं हे खरं, पण त्यावर विसंबून राहू नका, एसएस पॅटर्नची कितीतरी मुलं तरीही दवाखान्यात भरती होतात.

पाणी भरपूर पाजायचं, शाळेत बाटली दप्तरात पाहिजेच. सातपुड्यातली थंडी तुम्हाला माहीत आहे, तोरणमाळ-डाबकडे पहाटे दात वाजतात, थंडीनं झटका येतो म्हणून स्वेटर, मोजे, पहाटे गार पाण्यानं अंघोळ नाही. ताप आला तर 'उद्या बघू' नाही, त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालय, कारण या मुलांची प्लीहा नीट काम करत नाही आणि इन्फेक्शन फार पटकन अंगात पसरतं. न्यूमोनियाची लस झालीय का ते कार्डावर बघा. आणि घरचे ऊसतोडीला गुजरातेत जात असतील तर निघायच्या आधी पूर्ण मुक्कामाच्या गोळ्या आणि तपासणीचा कागद बरोबर बांधून द्या, तिकडच्या डॉक्टरला तो कागद दाखवला की अर्धं काम होतं. तुम्ही मास्तर आहात, तुमच्या आश्रमशाळेत अशी अजून मुलं असतील, पीटीच्या तासाला त्यांना उन्हात पळवू नये एवढं बाकी सरांना सांगा.

प्रश्न : मॅडम, मी जळगावला बीएस्सी बायोटेकच्या शेवटच्या वर्षाला आहे. औषध प्रोटीनला चिकटून काम करतं असं आम्हाला शिकवलं. स्युडोजीन प्रोटीनच बनवत नाही, तर ते ड्रग टार्गेट कसं होणार? सेमिनारला हा विषय घ्यायचा विचार आहे. – एक विद्यार्थिनी, जळगाव

उत्तर : विषय जरूर घे, आणि सुरवात याच शंकेनं कर, वर्गातल्या सगळ्यांच्या मनात तीच असणार.

प्रोटीनला चिकटणं हा औषधाचा एक मार्ग झाला. स्युडोजीनच्या बाबतीत दोन ठिकाणी हात घालता येतो, एक डीएनएवर, ते वरच्या उत्तरात आलंच, आणि दुसरं आरएनएवर. आरएनएला बरोब्बर उलटी अक्षरं असलेला छोटा तुकडा बनवला की तो जाऊन चिकटतो, त्याला अँटिसेन्स म्हणतात.

उदाहरण म्हणून एसएमएन-टू घे. शुद्ध अर्थानं ते स्युडोजीन नाही, कारण थोडं प्रोटीन बनवतं, पण मोडलेली नक्कल कामाला कशी लावली याचं इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. एसएमए नावाचा आजार असतो, बाळाचे स्नायू हळूहळू लुळे पडतात, तुम्ही लोकांनी त्या बाळांसाठी मोबाईलवर पैसे गोळा करायचे मेसेज बघितले असतील. त्यांच्यात एसएमएन-वन जीन नसतं किंवा मोडलेलं असतं. शेजारीच जवळजवळ जुळं असलेलं एसएमएन-टू असतं, पण त्याच्या सातव्या एक्सॉनमध्ये (एक्सॉन म्हणजे जीनचा शेवटच्या आरएनएत राहणारा तुकडा) सी च्या जागी टी आहे, त्यामुळे आरएनए जोडताना तो एक्सॉन बहुतेक वेळा गळून जातो आणि प्रोटीन तोकडं निघून लगेच नष्ट होतं. नुसिनरसेन हे अँटिसेन्स औषध एसएमएन-टूच्या आरएनएवर बसून तो एक्सॉन गळू देत नाही. अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली, पाठीच्या कण्यात सुई देऊन द्यावं लागतं. २०२० मध्ये रिसडिप्लाम आलं, ते तर तोंडानं घ्यायचं पातळ औषध, आणि तेही आरएनएच्या जोडणीवरच काम करतं. तुझ्या 'औषध प्रोटीनला चिकटतं'चं उत्तर या दोन औषधांत मिळालं.

कॅन्सरमधलं पीटीईएन-पी-वनही वाच. पीटीईएन हे कॅन्सरला आवर घालणारं जीन, १० नंबरवर, आणि त्याचं स्युडोजीन ९ नंबरवर. मायक्रोआरएनए नावाचे छोटे तुकडे पीटीईएनचा आवाज दाबतात, आणि स्युडोजीनचा आरएनए दिसायला तसाच असल्यामुळे ते तुकडे त्याच्यावर जाऊन बसतात, खरं जीन वाचतं. हे २०१० मध्ये पांडोल्फी यांच्या लॅबनं दाखवलं आणि तिथून स्युडोजीनकडे बघायची नजर बदलली. पण इथं औषध करायचं तर स्युडोजीन वाढवायला लागेल, आणि शरीरात काही दाबण्यापेक्षा वाढवणं कितीतरी अवघड, हे सेमिनारला आवर्जून सांग.

आणि पुढे लॅबमध्ये काम करणार असशील तर हे लक्षात ठेव की स्युडोजीन आणि खरं जीन यांची अक्षरं इतकी सारखी असतात की प्रायमर (जीन शोधायला वापरतात तो डीएनएचा छोटा तुकडा) नीट निवडला नाही तर आपण भलत्यालाच मोजत बसतो. तेच औषधाचंही, स्युडोजीनवर सोडलेलं अँटिसेन्स खऱ्या जीनवर जाऊन बसलं तर घात होईल. माझ्या मते या विषयात सगळ्यात अवघड भाग हाच आहे, आणि सेमिनारमध्ये एक स्लाईड तरी याला दे. माणसात प्रोटीनवाली जीन्स साधारण २०,००० आणि स्युडोजीन्स १४,००० च्या वर, म्हणजे काम तुमच्या पिढीला पुरून उरेल.

प्रश्न : आमची रावेरला केळी आहे. मुलगा म्हणतो माणसात हजारो जीन्स मोडकी पडलीत. मोडकं असेल तर ते शरीरात राहिलंच कशाला? – एक केळी उत्पादक, रावेर तालुका

उत्तर : काका, तुमचं केळं मधून चिरा, मधोमध बारीक काळे ठिपके दिसतात ना, ते बीच होतं. रानकेळीत ते टणक, दाताखाली येणारं बी असतं. आपल्या केळीत ते उगवत नाही, लागवड कंदानं किंवा टिश्यू कल्चरच्या रोपानं होते, पण ठिपके प्रत्येक घडात येतात, कारण त्यांनी काही नुकसान होत नाही. मोडकी जीन्स अशीच राहतात.

माणसाचंच सांगायचं तर गाय, शेळी, कुत्रा यांना लिंबू-आवळा खायची गरज नाही, व्हिटॅमिन सी त्यांचं शरीर स्वतः बनवतं. त्यासाठीचं गुलो नावाचं जीन आपल्यातही आहे, ८ नंबरवर, पण आपल्या फार जुन्या, माकडांच्या काळातल्या पूर्वजांतच मोडलं. ते फळं खात होते म्हणून कुणाचं अडलं नाही. गिनीपिगचंही मोडलेलंच आहे. ही जीन्स दुरुस्त करायच्या मागे कुणी नाही, पेरू खाल्ला की भागतं. सगळीच स्युडोजीन्स औषधाच्या कामाची नसतात, पण कुठलं कामाचं हे बघितल्याशिवाय कळत नाही.

प्रश्न : मी नवापूरचा, वय २६, सिकलसेल वाहक, एएस पॅटर्न. लग्नाची बोलणी चालू आहेत. त्या चौथ्या जीनची टेस्ट करून होणाऱ्या मुलांचं काही सांगता येतं का? – एक वाचक, नवापूर

उत्तर : त्या टेस्टची तुला गरज नाही, दादा. तू जी टेस्ट करून घेतलीस तीच मुलीची करायची, नुसत्या सोल्युबिलिटीच्या साध्या चाचणीवर थांबू नका, तिच्यात एएस आणि एसएस वेगळं कळत नाही, इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही चाचणी करा. मुलगी एए, म्हणजे सिकलचं जीन नसलेली, असेल आणि थॅलेसेमियाची वाहकही नसेल तर तुमच्या मुलांना सिकलसेलचा आजार होणार नाही, फार तर वाहक होतील. तीही एएस असेल तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता एसएसची, आणि 'पहिलं झालं म्हणजे पुढचं नाही' असा हिशोब नसतो, प्रत्येक वेळी २५ टक्केच. रिपोर्टवरून ती बीटा थॅलेसेमियाची (हाही बीटा ग्लोबिनच्या जीनचाच आजार) वाहक आहे का हेही विचारून घे, कारण एएस आणि थॅलेसेमिया वाहक अशा जोडीतही मुलाला सिकलसेलसारखाच आजार होऊ शकतो, हे फार जण विसरतात.

दोघं एएस निघालात तरी लग्न करायचं की नाही हे तुम्ही दोघांनी बसून ठरवा, मोठ्यांच्या बैठकीत नको. केलंत तर गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा छोटा नमुना घेऊन बाळाचं तपासता येतं, त्यासाठी मोठ्या शहरात जावं लागेल, म्हणून दिवस राहिल्याचं कळल्याबरोबर त्याच आठवड्यात आशाताईंना सांगून प्राथमिक आरोग्य केंद्रातून पुढची चिठ्ठी घ्या. आणि केंद्राच्या सरकारी मोहिमेत, जी जुलै २०२३ मध्ये सुरू झाली, चाळिशीपर्यंतच्या लोकांची तपासणी होते, त्यामुळे मुलीकडच्यांना खर्चाची अडचण वाटत असेल तर आधी तिथंच चौकशी करायला सांग.